दाजी, तुमच्या टेबलाचा उतार

दाजी, तुम्ही गेल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर तुमच्या टेबलाखाली दोन पाचरी घातल्या. तेराव्याच्या पंगती उठल्या होत्या. बायका मागीलदारी भांडी घासत होत्या. मी खिशातून बाभळीच्या दोन पाचरी काढल्या, खाली बसलो (आता बसताना माझेही गुडघे कुरकुरतात) आणि टेबलाच्या पुढच्या अंगाला एक डावीकडे, एक उजवीकडे अशा ठोकल्या. मग ताटात पाणी घेऊन टेबलावर ठेवलं. पाणी चारी कडांना एकसारखं लागलं. मी म्हटलं, बघा दाजी, याला म्हणतात सपाट.

आणि वाट बघत बसलो.

सवय वाईट. मी पाचर घातली की तुम्ही कुठूनही उगवायचात. परसात असा, खाडीवर असा, झोपलेले असा, ठक् ठक् आवाज कानावर गेला की आलात. "पावने, खाली काय शोधता? उंदीर का?" असं म्हणायचात, आणि पायाच्या अंगठ्याने माझी पाचर उडवून द्यायचात. ती कपाटाखाली जायची. मग ताई ओरडायची, "म्हातारे झालात दोघं, लाजा धरा!" मग चहा.

त्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, पाचरी जागेवर. आठवड्याने गेलो, जागेवर. शेजारणीने झाडू मारला होता, तोही पाचरींच्या कडेकडेने. इतकी वर्षं भांडून मी जिंकलो, दाजी, आणि घरी येताना सायकलला पाय मारवेना.

तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार. कारण ही गोष्ट गावाला नेहमी तुम्ही सांगितलीत आणि दर वेळी माझी बाजू गाळलीत.

ताईचे गुडघे गेले ते साल मला आठवतं ते असं, की आपल्या आळीत तेव्हा घरोघर केबल येत होती आणि पोरं छपरावर चढून कौलं फोडत होती. वसईतल्या डॉक्टरने सांगितलं, आता खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही. डॉक्टरचं काय जातं सांगायला! ताई लहानपणापासून चटईवर बसून मुंडावळ्या करत आलेली. आमच्या आईने तिला शिकवलं, ओटीवर बसून, मांडीत सूप घेऊन. सुपात मणी, तोंडात दोरा, डोळे हातावर. आपल्या पट्ट्यात, इकडे पापडीपासून तिकडे वटारपर्यंत, हिंदूंच्या घरचं लग्न ठरलं की मुंडावळ्या ताईच्याच. गणपतीत गौरीचे हार ताईचे. तिला कोणी कारागीर म्हटलं असतं तर तिने त्याला हाकलला असता, पण कारागीरच होती.

तिने पंधरा-वीस दिवस कॉटवर बसून करून बघितलं. मांडीवर सूप राहीना. कमरेत वाकून मान धरली. एक दिवस तिने मणी, जर, टिकल्या सगळं जुन्या साडीत बांधलं आणि माळ्यावर टाकलं. मग दारात स्टुलावर बसून नुसती खाडीकडे बघायची. मी आलो तरी "ये रे बाळ्या" एवढंच. माझी ताई, जी मला दारातच दहा शिव्या द्यायची!

तुम्ही दुपारच्या उन्हात मिठागरावर आलात, सायकलवर, टोपी न घालता. मी मिठाच्या कुंडीच्या बांधावर उभा होतो. मला वाटलं कोणी मेलं.

"पावने, तुमच्या ताईला टेबल करायचंय," तुम्ही म्हणालात.

"मग दुकानातून आना. स्टेशनाकडे फर्निचरवाले बसलेत रांगेने."

"त्या भुशाच्या फळ्या? तिच्या हाताखाली? मी जन्मभर होड्या बांधल्या आनि बायकोला भुशाचं टेबल?"

"मग बांधा की."

"बांधनारच. तुम्हाला विचारायला नाय आलो. फळ्या धरायला मानूस पाहिजे."

मी म्हटलं येतो. पण एक अट घातली. टेबलाचा वरचा भाग मी सांगेन तसा सपाट झाला पाहिजे. मिठागरावर माझा जन्म गेला. कुंडीचा तळ आम्ही पायाने चोपून असा करतो, की पाणी सोडलं तर एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी असं होत नाही. झालं तर मीठ एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला चिखल. माझ्या डोळ्याला पाणसळ लागत नाही. शाळेत मी चौथीत बसलो आणि चौथीतच उठलो, पण जमीन कुठे उतरते ते मला आंधळा केलात तरी तळपायाने कळेल. तुम्ही हसून मान हलवलीत. मला वाटलं, कबूल केलंत. तिथेच फसलो.

लाकूड बघून तर मी उलटाच फिरत होतो. खाडीवर एक जुनी होडी मोडायला काढली होती, तिच्या सागाच्या फळ्या तुम्ही आणलेल्या. काळ्या पडलेल्या, खिळ्यांच्या भोकांनी भरलेल्या, एकही सरळ नाही.

"मोडक्या होडीचं लाकूड घरात?"

"खारं पानी पिऊन पिऊन तयार झालंय. याला वाळवी तोंड लावनार नाय."

"वास मारतं."

"तुमच्या अंगाला येतो तोच वास आहे, पावने. तुमच्या ताईला त्याची सवय हाय लहानपनापासून."

ओटीवर काम सुरू झालं. तुम्ही वाकस घेऊन फळी तासायचात, तेव्हा तुमच्याकडे बघत राहावं वाटायचं. हे तुम्हाला कधी बोललो नाही. वाकस अंगठ्याच्या इतक्या जवळून खाली यायचा की मी डोळे मिटायचो. तुम्ही गप्पा मारत असायचात. लाकूड दोन्ही हातांनी चाचपायचात, डोळे भलतीकडेच. ताई स्टुलावर दारात बसलेली, पण आता तिची पाठ खाडीकडे होती आणि तोंड आपल्याकडे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "भुसा माझ्या तुळशीत चाललाय." तिसऱ्या दिवशी उठून आली आणि म्हणाली, "माझ्या पायांना जागा कुठंय?"

तेव्हा मला कळलं की तुम्ही तिला टेबल दाखवायला म्हणूनच काम ओटीवर मांडलंत. परसात सावली जास्त होती.

पायांच्या जागेवरून रचना बदलली. दोन बाजूंना दोन मोठ्या पेट्या, मधे मोकळं, तिथे ताईचे पाय. वरून आडव्या फळ्या. इथवर ठीक. मी म्हटलं, पेट्यांना खण करा, ओढले की बाहेर येणारे. एकात मणी, एकात दोरे, एकात बेगड. साहेबलोकांच्या टेबलाला असतात तसे.

"खन नको. खन सरकतात. लाटेत बाहेर येतात."

"घरात कुठली लाट, दाजी?"

"सामान वरून ठेवायचं असतं. झाकन उचला, आत हात घाला."

आणि तुम्ही होडीत असतात तशी झाकणं केलीत, टेबलाच्या दोन टोकांना. खाली पेटीत लाकडी तबकं एकावर एक. बरं, झाकणं केलीत ती केलीत. मग पाणी शिरू नये म्हणून होडीला करतात तशी पेट्यांच्या फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकून बसवायला लागलात. वर राळ आणि तेल. मी कपाळ बडवून घेतलं. आळीतली बायामाणसं बघायला यायला लागली. कोणी विचारलं, "ओ, हे मासेमारीला कधी निघनार?" तुम्ही म्हणालात, "पावने वल्ही आनतायत, त्यांचीच वाट बघतोय." सगळी मला हसली. तुमचा सांधा मात्र तेव्हाही चालूच होता, टक टक टक, एका चालीत. अर्धवट बुजवलेला सांधा तुमच्या हातून होतच नव्हता. मला आता वाटतं, तुमचे हात ऐकायचे ते फक्त पाण्याचं.

टेबल आत नेलं, भिंतीला लावलं. ताईने आंघोळ केली, हळदकुंकू वाहिलं, माळ्यावरचं गाठोडं खाली काढायला लावलं आणि खुर्चीत बसली. पाय मधल्या मोकळ्या जागेत ऐसपैस. तिने टेबलावर दोन्ही हात ठेवले. मग गाठोडं सोडून मणी ओतले.

आणि सगळे मणी पुढे धावले. तिच्या पदरात, पायावर, शहाबादी फरशीवर, कॉटखाली. पांढऱ्या मण्यांचा धबधबा. चिंचोटीला पावसात तरुण पोरं बघायला जातात, तो इथे घरात. ताई "अग्गो बाई!" करून हात आडवे घालते आहे आणि मणी बोटांतून निसटून चाललेत.

मी ताट आणलं, पाणी घेतलं, टेबलावर ठेवलं. पाणी पुढच्या कडेला बोटभर जास्त.

"दाजी," मी म्हटलं, "उतार दिलात तुम्ही. ही काय होडीची फळी आहे, वर आलेलं पानी ओघळून जायला? जन्मभर उतार देत आलात, हाताने सवयीने दिला. चूक झाली म्हना."

तुम्ही कॉटखाली गुडघ्यांवर होतात, मणी गोळा करत. तिथूनच आवाज आला, "पावने, अजून काम संपलंय कुठे? एक गोष्ट लावायची राह्यलीय."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाच्या पुढच्या कडेला एक पन्हळ लावलेली. अर्ध्या बांबूसारखी कोरलेली, गुळगुळीत. बाकीच्या कडांना उभा काठ. पन्हळ उजवीकडे किंचित उतरती आणि तिच्या टोकाला एक घासलेली करवंटी. ताईने मूठभर मणी टेबलावर टाकले. मणी सावकाश पुढे आले, पन्हळीत पडले, रांगेने घरंगळत करवंटीत जमा झाले. ताईने परत टाकले. परत जमा झाले. लहान मूल खेळतं तशी ती टाकत राहिली. तिला मणी वेचायला वाकावं लागणार नव्हतं. पन्हळीत ओळीने लागलेला मणी सुईने नुसता उचलायचा.

"असंच करायचं होतं पहिल्यापासून," तुम्ही म्हणालात.

"खोटं!" मी म्हटलं.

हेच ते आपलं भांडण. तुम्ही उतार मुद्दाम दिलात, की हाताच्या सवयीने गेला आणि मग पन्हळ लावून झाकलात? या एका प्रश्नावर आपण किती चहा प्यालो! मी म्हणायचो, मुद्दाम असता तर पन्हळ त्याच दिवशी असती. तुम्ही म्हणायचात, पहिल्या दिवशी सगळंच दाखवलं तर बायको दुसऱ्या दिवशी कौतुक कशाचं करील? मी बाभळीच्या पाचरी तासून आणायला लागलो ते यामुळे. सपाट टेबल काय असतं ते एकदा ताईला दिसू दे, एवढंच माझं म्हणणं. माणसाने आपल्या म्हणण्याला धरून राहावं. तुम्ही पाचर उडवायचात, मी पुढच्या खेपेला नवी आणायचो. तुमच्या कपाटाखाली आता हात घातला तर चूल पेटवण्याइतक्या निघतील.

पण ताई बसती झाली. पुन्हा दारात येताच मला शिव्या बसू लागल्या. "बाळ्या, चिखलाचे पाय घेऊन आत आलास तर तंगडं मोडीन." मला दुसरं काय पाहिजे होतं, दाजी? मी मुद्दाम पाय न धुता यायचो.

आता लाटेची गोष्ट. ती तर तुम्ही पार बिघडवून टाकलीत. तुम्ही सांगायचात, मी म्हणे घाबरून माळ्यावर चढलो. मी माळ्यावर ताईला चढवत होतो. नीट लिहून ठेवतो.

त्या श्रावणात पाऊस तीन दिवस थांबला नव्हता आणि वर उधाणाची भरती. माझं घर मिठागराच्या अंगाला, सखल. पाणी उंबऱ्याशी आलं तसा मी सायकल खांद्यावर घेऊन तुमच्याकडे निघून आलो. ताई म्हणाली, "बरं केलंस, आमच्याकडे कधी पानी येत नाय." तिचं वाक्य पुरं होतंय तोच दाराखालून जीभ काढल्यासारखं पाणी आत आलं. तुम्ही म्हणालात, "पावने, तुम्ही आलात ते आलात, सोबत ह्याला कशाला आनलंत?"

दुपार होईतो गुडघ्याला लागलं. मी ताईला माळ्याच्या शिडीवर ढकलत होतो. ती खाली वळून वळून ओरडत होती, "माझे हार! माझे गौरीचे हार!" सगळा श्रावण बसून केलेलं काम पेट्यांत होतं. घरोघरच्या गौरी त्या हारांची वाट बघत होत्या. पाण्यात जरीची तार काळी पडते, दोरा कुजतो. मी म्हटलं, गेलं. आणि तेवढ्यात टेबल हललं.

आधी एक कोपरा उचलला. मग दुसरा. आणि मग, दाजी, ते टेबल अंगात वारं आल्यासारखं भिंतीपासून सुटलं आणि तरंगायला लागलं! दोन पेट्या दोन बाजूंना, मधे फळ्या. दोन होड्या जोडून बांधाव्यात तसं. वर ताईची कात्री, चष्मा आणि चहाची कपबशी. कपबशी हललीसुद्धा नाही. टेबल डौलात स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालं.

तुम्ही काय केलंत? कपाळाला हात लावलात? देवाचं नाव घेतलंत? तुम्ही मांडीइतक्या पाण्यात उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मग दोरी घेऊन त्याला खांबाला बांधलंत आणि शिडीकडे तोंड करून ओरडलात, "पावने! घरात कुठली लाट, नाय का? बघा ही! खन केले असते तर आता सगळ्या गौरी उघड्या गळ्याने आल्या असत्या!" ताई शिडीवर बसून हसायला लागली. हसता हसता तिचा पाय घसरला आणि ती माझ्या अंगावर पडली. मी पाण्यात पडलो. तुम्ही सांगायचात तसा मी माळ्यावर नव्हतो. मी पाण्याखाली होतो.

पाणी ओसरल्यावर झाकणं उचलली. हार कोरडे. दोऱ्याला ओल नाही. तबकांना राळेचा वास तेवढा. ताईने एक हार काढून तुमच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "ही एक गौर आलीच हाय घरात, दाढीवाली." वात ठोकताना मी तुम्हाला वेडा म्हटलं होतं. तो शब्द परत घेतो. उतारावरचा शब्द परत घेत नाही.

शेवटी तुम्ही कॉटवर पडलात तेव्हाही तुमचं तोंड टेबलाकडे होतं. मी येऊन बसायचो. तुम्हाला बोलायला दम लागायचा, म्हणून मी एकटाच बोलायचो, आणि समोरचा उत्तर देत नसेल तर मला भांडता येत नाही. म्हणून एके दिवशी मी तुमच्या देखत खाली बसलो आणि पाचर ठोकली. जोराने. म्हटलं, आता तरी उठतील. तुम्ही उठू शकला नाहीत. पांघरुणातून एक बोट बाहेर काढलंत, हलवलंत आणि म्हणालात, "काढा." डोळे हसत होते. मी काढली, दाजी. माझ्या हाताने माझी पाचर मी तेवढी एकदाच काढली आहे. बाहेर जाऊन तोंड धुतलं आणि आत येऊन म्हटलं, पाणी फार गार आहे तुमच्याकडे.

आता तुमच्या मागे काय झालं ते.

ताई टेबलाशी जाईना. पहिले दिवस समजण्यासारखे होते. पण महिना गेला तरी ती परत त्या स्टुलावर दारात, तोंड खाडीकडे. कोणी काही बोललं नव्हतं; ते तिने स्वतःच मनात घेतलं होतं. मुंडावळी नवरा-नवरीच्या कपाळाला लागते. ती सवाष्णीच्या हातची असावी, असं आपल्याकडे म्हणतात. ताईने स्वतःही आयुष्यभर तसंच मानलं होतं. आता स्वतःचं कपाळ मोकळं झाल्यावर ती कुठल्या तोंडाने मणी ओवणार? मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "हात चालतात रे बाळ्या, पन आता ते सवाष्नीचे हात नाय. लोकांच्या पोरींचं बरंवाईट माझ्या माथी नको." ज्या टेबलाने तिला गुडघ्यांच्या दुखण्यातून उठवलं होतं, ते आता पाचरींवर गप्प उभं होतं. सपाट. माझ्या मनासारखं.

परवा तळ्याच्या बाजूची कुसुम आली, मुलीला घेऊन. रूपा, ती लहानगी, जिला तुम्ही लाकडाच्या चिपा देऊन होडी करायला शिकवलीत, ती आता बँकेत आहे आणि तिचं लग्न ठरलंय. कुसुम म्हणाली, "वहिनी, मुंडावळ्या पाहिजेत."

ताई म्हणाली, "पापडीच्या बाजारात मिळतात छान. नाहीतर कोना सवाष्नीकडून कर. मी आता करत नाय."

"मी काय बाजार बघितला नाय? वहिनी, माझ्या लग्नाला तुमच्या हातची बांधली. संसार बरा चाललाय की. नवरा घोरतो तेवढं सोडलं तर."

"तेव्हा गोष्ट वेगळी होती, कुसुम."

तेव्हा रूपा मधे बोलली. आजकालच्या पोरींसारखी, सरळ. "काकी, मला फोटोत छान दिसायचंय आणि तुमच्यासारखं कोणी करत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, काकांनी एवढ्या वर्षांत तुम्हाला एक मणी तरी खाली वाकून वेचू दिला का? असा संसार मला मिळणार असेल, तर मला तुमच्याच हातची मुंडावळी पाहिजे. अपशकुन-बिपशकुन मी बघून घेईन."

कुसुमने पोरीच्या पाठीत एक रट्टा घातला. "काकीशी असं बोलतात?" पण रट्ट्यात जोर नव्हता.

ताई स्टुलावरून उठली. टेबलापाशी गेली. डावीकडचं झाकण उचललं, मण्यांचं तबक काढलं, खुर्चीत बसली, पाय आत घेतले. पदर खोचला. आणि मणी ओतले.

मणी जिथे पडले तिथेच राहिले.

एक हलला नाही. ढीग झाला आणि बसला. पन्हळ मोकळी, करवंटी मोकळी. ताईने हाताने थोडे ढकलले, ते परत थांबले. तिने टेबलाकडे बघितलं, मग खाली बघितलं, मग माझ्याकडे. दाजी, तो चेहरा मी लहानपणी बघितलेला आहे. मी तिची भातुकलीची चूल मोडली होती तेव्हा.

"बाळ्या! हे तुझं काम?"

"सपाट केलंय मी," मी म्हटलं. "बघ, पानी ठेव ताटात."

"पानी तुझ्या डोक्यावर ठेवते! काढ आधी! नाय, तू नको, तू फळी मोडशील. त्यांचा हातोडा आन."

मी तुमचा लाकडी हातोडा आणला. ती कधी खाली बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण खुर्चीत बसल्या बसल्याच वाकून तिने एक मारला, डावी पाचर उडाली. दुसरा मारला, उजवी उडाली आणि थेट कपाटाखाली गेली, बाकीच्यांत. टेबल ठक् करून आपल्या जागेवर बसलं. आणि मणी निघाले. सावकाश, मग भराभर, पन्हळीत, रांगेने, टप टप टप करवंटीत. रूपाने टाळ्या वाजवल्या. कुसुमने डोळ्याला पदर लावला. ताई हसली, दाजी. दाराकडे तोंड करून, मोठ्याने, शिडीवर बसून हसली होती तशी.

मी म्हटलं, "ताई, आता एवढं सांगून टाक. त्यांनी उतार मुद्दाम दिला होता, की चुकून गेला?"

तिने सुईत दोरा ओवला. दोऱ्याचं टोक दातांत धरून म्हणाली, "मला सांगून गेलेत ते."

"काय सांगितलं?"

"तुला सांगनार नाय."

"का?"

"तू मग यायचा बंद होशील."

आणि तिने पन्हळीतला पहिला मणी उचलला.

तर असं आहे, दाजी. मुंडावळ्या अर्ध्या झाल्यात. मण्यांच्या मधे सोन्याच्या रंगाची टिकली घेतली आहे, रूपाला शोभेल. मी काल परसात बसून बाभळीचा एक ढलपा तासला. दोन चांगल्या पाचरी निघाल्या. लग्न होईपर्यंत त्या खिशातच ठेवतो. पोरीच्या कामात विघ्न नको. मग घालीन. तुमच्या अंगठ्यापेक्षा ताईच्या हातोड्यात जोर जास्त आहे, तेव्हा यापुढे त्या थोड्या मोठ्या करायला लागतील.